चर्चतर्फे युगांडाला सेवेला निघताय?

आधी टी-शर्ट छापून घ्या. पुढे बायबलमधलं एखादं वचन, पाठीवर आफ्रिकेचा नकाशा. जायचंय युगांडातल्या जिंजा शहराबाहेरच्या एका खेड्यात, तेही दहा दिवसांसाठी, हे मान्य. पण पाठीवर अख्खं खंड मावत असताना खेडं कशाला छापायचं?

मग पैसे. माणशी 3000 डॉलर धरा, पंधरा जणांचे झाले 45,000. एवढ्यात तिथलेच गवंडी लावून शाळेचे वर्ग बांधून होतील, असं मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणेलच. (दर चर्चमध्ये असा एक खवचट असतो. आमच्याकडे तो मी होतो, आणि तरीही गेलो.) त्याला कॉफी आणायला पिटाळा. 2005 च्या सुमारास अमेरिकेतून वर्षाला सोळा लाख लोक अशा सहलींना परदेशी जात असावेत, असा एका समाजशास्त्रज्ञाचा अंदाज होता. सोळा लाख लोक काय वेडे आहेत?

वर्गणीचं पत्र नातेवाइकांनाही पाठवा, फक्त नगरच्या आत्याला सोडून. मी पाठवलं, तर तिने फोनच केला. "दहा दिवसांत काय करणार रे तू तिथं?" तिच्या डोक्यात मिशनरी म्हणजे 1813 साली मुंबईत उतरलेला गॉर्डन हॉल. तो मराठी शिकला आणि 1826 मध्ये पटकीने इथंच गेला. किंवा गोव्यातला फादर स्टीफन्स, जो चाळीस वर्षं राहिला आणि मराठीत ओव्या रचून बसला. तुम्ही ओव्यांच्या फंदात पडू नका. तिथल्या लुगांडा भाषेत 'वेबाले', म्हणजे आभारी आहे, एवढं आलं की पुरे. तेही विमानात शिकता येतं.

पिवळ्या तापाची लस टोचून घ्या, नाहीतर एंटेबीच्या विमानतळावर सेवा अडेल. गाडी खेड्यात शिरली की पोरं "मुझुंगू, बाय!" ओरडत मागे धावतील. मुझुंगू म्हणजे गोरा. आपल्यासारख्या सावळ्यांची इथं जरा पंचाईत होते. माझ्याकडे बघून पोरं थबकली, आपसात कुजबुजली आणि म्हणाली, "मुयिंदी!" म्हणजे इंडियन. त्यांच्या लेखी मी सेवक नव्हतो, किराणा दुकानवाला होतो. फोटोत मला कडेला उभं केलं.

आता मुख्य काम. तिथल्या लोकांना येशूची ओळख करून द्यायची आहे. युगांडात दर पाच माणसांत चारांहून अधिक ख्रिस्ती आहेत, ही क्षुल्लक अडचण मनावर घेऊ नका. 3 जून 1886 ला नामुगोंगो इथे राजा म्वांगाच्या हुकमाने तिथल्या तरुण ख्रिस्ती मुलांना जिवंत जाळलं, कारण त्यांनी धर्म सोडला नाही. अजूनही दर 3 जूनला लोक शेकडो किलोमीटर चालत तिथे जातात, आपल्या वारीसारखे. लुगांडात पूर्ण बायबल 1896 पासून आहे. ते मुद्दाम अशा आकारात छापलं होतं की बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसावं, वाळवी लागू नये म्हणून. ज्यांच्या पणज्यांनी डब्यात घालून शास्त्र जपलं, त्यांना तुम्ही मोज्यांच्या बाहुल्या हातात घालून चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या परक्याची, बायबलमधली गोष्ट सांगायची. आमची गोष्ट मध्येच अडली, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका आजीने पुढचं वचन अध्यायासकट सांगितलं. टाळ्या आम्हाला मिळाल्या.

दुपारी भिंत बांधा. विटा, थापी, सिमेंट सगळं तयार असतं. तयार नसता तुम्ही. गावचा गवंडी उलट्या बादलीवर बसलेला असेल. आज त्याला काम नाही, कारण ते तुम्ही फुकट करताय. आमच्या गवंड्याने चार थर होईपर्यंत काही म्हटलं नाही. मग उठला, खिशातून ओळंबा काढला, भिंतीला लावला, एक डोळा मिटून पाहिलं, आणि दोरी बोटाभोवती नीट गुंडाळून ओळंबा परत खिशात ठेवला. आमच्यातल्या एकीने त्याला विचारलं, "गुड?" तो म्हणाला, "यू आर मोस्ट वेलकम." याला होकार समजावं.

एक दुपार अनाथाश्रमासाठी ठेवाच. 'अनाथ' शब्दाची फार फोड करू नका. जगभरातल्या अशा आश्रमांमधल्या दर पाच मुलांपैकी सुमारे चौघांची आई किंवा बाप हयात असतो, असं सांगतात. तिथं पाच मिनिटांत एखादी तीन-चार वर्षांची पोर तुमच्या गळ्यात पडेल आणि सोडणार नाही. आपल्या घरची त्या वयाची पोर अनोळखी माणूस दिसला की आईच्या मागे लपते, हे त्या क्षणी आठवू नका, फोटो बिघडतो. महिन्यातून किती गळे तिच्या वाट्याला येतात, हेही विचारू नका.

जुने कपडे बॅगा भरून न्या. कंपालाच्या ओविनो बाजारात परदेशी जुन्या कपड्यांचे डोंगर आहेत, त्यात तुमची भर. शेजारच्या रवांडाने अशा मालावर कर वाढवला, तर 2018 मध्ये अमेरिकेने त्यांच्या तयार कपड्यांची करसवलतच थांबवली. दान घ्यायला नको म्हणणं महागात पडतं.

शेवटचे दोन दिवस नाईलमध्ये राफ्टिंग. त्याला 'चिंतन' म्हणा.

परत आल्यावर चर्चमध्ये साक्ष द्या: "मी द्यायला गेलो होतो, पण मलाच जास्त मिळालं." हे वाक्य प्रत्येक जण म्हणतो आणि सगळ्या सहलीत तेवढंच शंभर टक्के खरं असतं.

जानेवारीत तिथल्या पाळकांचा व्हॉट्सॲपवर निरोप येईल. फेब्रुवारीत शाळा सुरू होतेय, आश्रमातल्या त्या मुलीच्या फीचं तुम्ही निघताना काहीतरी म्हणाला होतात. घाईने उत्तर देऊ नका. दोन दिवस जाऊ द्या, मग जोडलेल्या हातांचं चित्र पाठवा. प्रोफाइलला मात्र तिच्याबरोबरचाच फोटो राहू द्या, त्यात तुम्ही छान आला आहात.