साठीनंतर काय शिकायचे, या प्रश्नाला मराठवाड्यातून उत्तर

साठी उलटलेल्या बायकांना पाणी, झाडे, नद्या यांच्या चळवळीत ओढणे हा निव्वळ देखावा आहे, असे सांगणारा एक मजकूर सध्या मोबाइलवरून गावोगाव फिरतो आहे. माझ्याकडे तो तीन नातेवाइकांकडून आला आणि तिघांनाही तो पटलेला दिसला. त्यातले म्हणणे थोडक्यात असे: या वयात नवे काही शिकता येत नाही, पर्यावरण हा शहरातल्या शिकल्यासवरल्यांचा विषय आहे, या बायकांना गर्दीसाठी आणि फोटोसाठी नेले जाते, आणि प्रकृतीचा विचार करता त्यांनी घरी नातवंडे सांभाळत स्वस्थ बसावे. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट आहे असे मी मानत नाही. मात्र आमच्या भागातल्या बायकांचे आयुष्य त्याने जवळून पाहिलेले नाही, असे मला ठामपणे वाटते.

वयाचा मुद्दा आधी घेते, कारण बाकीचे सारे त्याच्यावर उभे आहे.

माझी मावशी बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या एका लहान गावात राहते. १९७२ च्या दुष्काळात ती सोळा वर्षांची होती आणि पाझर तलावाच्या कामावर डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहत होती. मराठवाड्यातले कितीतरी पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते तिच्या पिढीतल्या बायकांच्या हातांनी झाले. पण तलाव इथेच का घेतला आणि सांडवा तिकडूनच का काढला, हे त्यांना कोणी विचारले नाही आणि समजावूनही सांगितले नाही. पासष्टी ओलांडल्यावर, गावात पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात झाली तेव्हा, ती पहिल्यांदा अशा बैठकीत जाऊन बसली. ताळेबंदाचे गणित सोपे आहे. एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी आले. १,००० हेक्टरच्या शिवारात वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस झाला तर ते ६०० कोटी लिटर होते. त्यातले वाहून किती गेले, वाफ होऊन किती उडाले, मुरले किती, आणि माणसे, जनावरे, सोयाबीन, ऊस यांना लागणार किती, असा तो हिशेब असतो. मावशीला लिहितावाचता येत नाही. तरीही गाठी मारलेली दोरी विहिरीत सोडून पाण्याची पातळी मोजायला ती शिकली, आणि एका पावसाळ्यानंतर मला म्हणाली, "तव्हा रोजासाठी माती टाकली बाई. पाणी कुठं मुरतं अन् कुठून निघून जातं, ते आत्ता कळालं."

जुन्या माणसांना सारे आधीच ठाऊक असते, असे मात्र मी म्हणणार नाही; तो दुसऱ्या टोकाचा भाबडेपणा होईल. बोअर जितके खोल न्यावे तितके पाणी अधिक, असा मावशीचाही समज होता. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसॉल्टच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. त्या खडकात पाणी प्रामुख्याने वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत साठते, आणि खालच्या घट्ट पाषाणात ते फारसे नसते. हे तिने दोन उन्हाळे शेजारच्या बोअर कोरड्या जाताना पाहून, आणि बैठकीत दाखवलेल्या खडकाच्या तुकड्यावर पाणी ओतून पाहून, मान्य केले. आयुष्यभराचा समज पुराव्यानिशी बदलण्याचे काम अनेक पदवीधरांना जमत नाही. ते तिने सदुसष्टाव्या वर्षी केले.

आणि हे एकट्या मावशीपुरते नाही. राजस्थानातल्या तिलोनिया येथील बेअरफूट कॉलेजने देशोदेशींच्या आज्यांना, त्यातही अनेक निरक्षर आज्यांना, सुमारे सहा महिन्यांत सौरदिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवले. एकमेकींची भाषा येत नसतानाही रंगांच्या खुणा आणि हातवारे यांवर ते शिक्षण चालले. आज्याच का निवडल्या, याचे त्या संस्थेने दिलेले कारण मला फार महत्त्वाचे वाटते: तरुण मुलगा शिकला की शहराची वाट धरतो, आजी गावातच राहते. आपल्या ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी म्हाताऱ्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवण्यासाठी सुरू झालेली आजीबाईंची शाळाही सर्वांना माहीत आहे.

पर्यावरण हा शहरी छंद असल्याचे म्हणणे तर लातूरच्या वाचकाने ऐकूनच घेऊ नये. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तिच्या पहिल्या फेरीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. त्याआधीच्या महिन्यात पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. त्या रांगांमध्ये घागरी घेऊन कोण उभे होते, हे सांगण्याची गरज नाही. ज्या चळवळीचे नाव आज जगभर घेतले जाते, त्या चिपको आंदोलनातही २६ मार्च १९७४ रोजी आजच्या उत्तराखंडातल्या रेणी गावातले पुरुष बाहेर गेलेले असताना, वृक्षतोड अडवण्यासाठी झाडांना मिठी मारून उभ्या राहिल्या त्या गावातल्या बायका, आणि त्यांच्या पुढे होत्या पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या गौरादेवी. केरळातल्या प्लाचीमाडा येथे शीतपेयाच्या कारखान्याविरुद्ध भूजलासाठी उभ्या राहिलेल्या मयिलम्मा या आदिवासी विधवा होत्या. या बायकांनी पर्यावरण हा शब्द पुढे ठेवून सुरुवात केली नव्हती. त्यांचे जंगल आणि त्यांची विहीर धोक्यात आली होती.

गर्दी आणि फोटोंबद्दलचा आक्षेप मी फेटाळत नाही. टेम्पोत भरून आणलेल्या, एकसारख्या टोप्या घातलेल्या बायका मी स्वतः पाहिल्या आहेत, आणि त्या दिवशी लावलेली रोपे मार्चपर्यंत वाळलेलीही पाहिली आहेत. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. तिथे बायका कमी पडल्या नव्हत्या. खड्डे कुठे घ्यायचे, कोणते झाड लावायचे, पाणी कोण घालणार, यातले काहीही त्यांना विचारले गेले नव्हते. जिथे विचारले गेले तिथे काय झाले, हे याच भागात दिसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात घरांच्या पुनर्बांधणीच्या वेळी गावातल्या बायकांना शासन आणि गावकरी यांच्यातल्या संवाद सहायक म्हणून नेमले गेले. त्या कामातून पुढे आलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने नंतर बायकांसोबत एक एकर शेतीची पद्धत रुजवली: घरच्या जमिनीतला साधारण एकरभर तुकडा बाईच्या निर्णयाने चालायचा, त्यात नगदी पिकाऐवजी कमी पाण्यावर येणारे धान्य, डाळी आणि भाजीपाला घ्यायचा. २०१६ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. यातल्या साऱ्याच वयस्क होत्या असा माझा दावा नाही. निर्णय हाती आल्यावर काय होते, एवढेच मला दाखवायचे आहे.

राहिला प्रकृतीचा मुद्दा. काळजी खरी असेल तर तिचा रोख उन्हाकडे हवा. स्वित्झर्लंडमधल्या वयस्क स्त्रियांच्या संघटनेने नेमका हाच युक्तिवाद केला, की उष्णतेच्या लाटांचा त्रास वृद्ध स्त्रियांना अधिक होतो आणि सरकार त्यावर पुरेसे काही करत नाही; ९ एप्रिल २०२४ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्या संघटनेच्या बाजूने निकाल दिला. मग बीड आणि धाराशिवच्या मे महिन्यात दोन घागरींसाठी चालत जाणाऱ्या सत्तरीच्या बाईने पाण्याबद्दल बोलू नये, हे कोणत्या काळजीत बसते?

"घरी स्वस्थ बसावे" हा सल्ला ऊसतोडीच्या गावांना तर लागूच पडत नाही. दिवाळीच्या आसपास मुले आणि सुना कोयते घेऊन कारखान्यांकडे जातात आणि चैत्राच्या सुमारास परततात. त्या काळात नातवंडे, जनावरे, हापसा आणि टँकरची वेळ हे सारे मागे राहिलेल्या म्हाताऱ्याच पाहतात. २६ जानेवारीची ग्रामसभा याच दिवसांत येते, येत्या उन्हाळ्याच्या पाण्याचा विचार करण्याची वेळही तीच असते, आणि ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. गेल्या वर्षी मावशीच्या गावात ती सभा खरोखर भरली. सार्वजनिक पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, हा नियम तिने तिथे विचारला आणि ग्रामसेवकाकडून वाचून घेतला. यंदा त्या सभेला ती दोरी घेऊन जाणार आहे.