नवतप्यात थर्मल

सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की आमच्याकडे नवतपा लागतो. त्या नऊ दिवसांत नागपूरचा शहाणा माणूस सकाळी अकरानंतर घराबाहेर पडत नाही, नवीन काम काढत नाही आणि कोणाशी भांडतही नाही, कारण भांडायला अंगात पाणी लागतं. दर दोन तासांनी कूलरची टाकी भरायची आणि पन्हं पिऊन पडून राहायचं, एवढंच. नेमक्या याच दिवसांत आम्ही अलास्काच्या क्रूझसाठी बॅगा भरल्या.

जहाज जूनच्या पहिल्या आठवड्यात सिएटलहून निघणार होतं. सिएटलला लेक असते. बुकिंग तिचं, पैसे यांचे आणि उत्साह सासूबाईंचा. वय अठ्ठ्याहत्तर, पण गुडघे सोडले तर बाकी सगळं ठणठणीत. "समुद्रात बर्फाचे डोंगर तुटून पडतात म्हणे. मला पाह्यचं आहे," एवढं एक वाक्य त्या दिवाळीपासून बोलत होत्या. त्यांच्यापुढे यांचं काही चालत नाही, माझं तर नाहीच नाही.

खरी अडचण थंडीची नव्हतीच. थंडीवर विश्वास बसत नव्हता, ही अडचण होती. नागपूरला थंडी ठाऊक नाही असं कोणी समजू नये. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस इथे पारा ३.५ वर उतरला होता आणि आमच्या कॉलनीतली माणसं माकडटोप्यांमुळे एकमेकांना ओळखत नव्हती. पण ती आठवण मे महिन्यात टिकत नाही, उडून जाते. लेक तिकडून सांगायची, "आई, ग्लेशियर आलं की सगळे डेकवर उभे राहतात. वारा असा लागतो की कान गेले." मी "हो गं, हो" म्हणायची. खिडकीतून येणारी झळ म्हणायची, काय थट्टा करून राहिली पोरगी! ३० मे २०२४ ला इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ डिग्री दाखवले होते. सेन्सर बिघडला होता, असा खुलासा हवामान खात्यानं नंतर केला. आम्हा लोकांना मात्र त्या दिवशी त्या सेन्सरमध्ये काही बिघाड वाटला नव्हता.

लेकीनं यादी पाठवली. कपड्यांचे तीन थर: अंगालगत थर्मल, त्यावर फ्लीस (लोकरीसारख्या मऊ कापडाचा स्वेटर), सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं जाकीट. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, कॉटन अजिबात नको. सुती कापड ओलं झालं की ऊब धरत नाही, लोकर ओली झाली तरी थोडीफार धरते, म्हणून. शास्त्र बरोबर असेल, पण कापसाच्या मुलखात जन्म काढलेल्या बाईला हे ऐकवायचं म्हणजे काय! माझ्या कपाटात कॉटनशिवाय होते ते दोन पडदे.

तर थर्मल घ्यायला आम्ही सीताबर्डीवर गेलो. संध्याकाळी सातनंतरच. तेव्हाही रस्ता तव्यासारखा तापलेला होता. हिवाळ्यात तिबेटी लोकांचे स्वेटरचे स्टॉल लागतात, पण मे महिन्यात ते कुठून असणार? दुकानांतून जिकडेतिकडे दुपट्टे, सनकोट, हातमोजे आणि गॉगल. पहिल्या दुकानदाराला थर्मल विचारलं, तर त्यानं नोकराला आवाज दिला, "ताईंना पहिले थंड पाणी दे रे." दुसरा म्हणाला, "दिवाळीनंतर या ना जी." तिसरा भला माणूस निघाला. त्यानं पोऱ्याला वर माळ्यावर पाठवलं. पोऱ्या घामानं निथळत, धुळीनं माखून खाली आला तो एक खोकं घेऊन. त्यात साइज दोनच, एक दहा वर्षांच्या मुलाचा आणि एक असा की त्यात आम्ही दोघं मावलो असतो. यांनी व्यवहारी मुद्दा काढला, "ऑफ सीझन आहे भाऊ, डिस्काउंट तर द्या." दुकानदारानं माळ्याकडे बोट दाखवलं. "वर पन्नास डिग्री आहे काका. पोराची मजुरी लावली नाही, हाच डिस्काउंट समजा." शेवटी थर्मल ऑनलाइन मागवले. ते घेऊन आलेल्या मुलाला खोक्यात काय आहे हे मी सांगितलं नाही. उगाच त्याला भोवळ यायची.

एव्हाना बातमी कॉलनीभर झाली होती आणि मनालीला जाऊन आलेली मंडळी सल्ला द्यायला येऊ लागली. मनालीला जाऊन आलेला माणूस बर्फाच्या बाबतीत कोणाचं ऐकत नाही. समोरचे काका म्हणाले, "काही नेऊ नका. रोहतांगच्या रस्त्यावर कोट आणि गमबूट भाड्यानं मिळतात, तिथेही मिळत असतील." मागच्या गल्लीतल्या वहिनींनी घडीची छत्री आणून दिली. हे मात्र बोलण्यासारखं आहे. वाटेतल्या केचिकन नावाच्या गावात वर्षाला साडेतीन मीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्या नागपूरच्या तिप्पट, आणि त्याला उन्हाळा-पावसाळा असा भेद नाही. वाऱ्यात छत्री उलटी होते, तेव्हा टोपीवालं जाकीटच हवं. छत्री तरी मी नेली. वहिनींशी पुढेही संबंध ठेवायचे आहेत.

कागदपत्रांची फाइल हा यांचा प्रांत. जहाज अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत येतं, तरी कॅनडाचा व्हिसा लागला, कारण परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या जहाजानं मधे एखाद्या परक्या बंदराला पाय लावलाच पाहिजे, असा अमेरिकेचा १८८६ सालचा कायदा आहे. म्हणून परतताना कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबायचं. हा कायदा यांनी मला, सासूबाईंना, दूधवाल्याला आणि पोळ्यावाल्या मावशींना समजावून सांगितला. मावशींना पटला.

आता ट्रायल. थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर जाकीट, एवढं सगळं चढवल्यावर चेन लागते की नाही हे घरीच पाहावं, असं यांचं मत पडलं. मत बरोबर होतं, वेळ दुपारी दोनची होती. बेडरूमचा एसी सोळावर केला. तो नवतप्यात सोळावर केला तरी खोली सत्तावीसच्या खाली जात नाही, पण तेवढीच मनाची समजूत. घामानं ओल्या पायावर थर्मलची विजार चढवणं ही काय चीज आहे, ते करून पाहिल्याशिवाय कळणार नाही. ती घोट्यापाशी चिकटते, पोटरीवर गुंडाळी होते, आणि गुडघ्यावर आली की माणूस पलंगावर बसतो आणि आयुष्याचा विचार करतो. यांनी घामोळ्याची पावडर मारली. अर्धी पायावर पडली, अर्धी फरशीवर, आणि त्या फरशीवरून हे एका पायावर घसरत कपाटाला जाऊन टेकले. मग फ्लीस. मग जाकीट. मग डांबरगोळ्यांचा वास मारणारी माकडटोपी, कारण लेकीनं लिहिलेली 'बीनी' आमच्याकडे नव्हती. चेन सरसर हनुवटीपर्यंत गेली. "लागली!" हे म्हणाले, आणि लाइट गेली.

चेन उतरेना. तिनं आतल्या फ्लीसचा तुकडा बेंबीच्या जरा वर धरून ठेवला होता. मी स्वतः तेव्हा थर्मलमध्ये होते, तेही एका बाहीत. अशा वेळी दारावरची कडी वाजली. कूलरवाला! पंप बिघडल्यापासून ज्याची आम्ही वाट पाहत होतो, जो रोज "आलोच" म्हणत होता, तो. मे महिन्यात दारात आलेला कूलरवाला परत जाऊ देणं नागपुरात शक्यच नाही, मग तो तोंड दाखवतो ते पावसाळ्यातच. हे तसेच गेले. दार उघडलं. बाहेर रणरणतं ऊन आणि दारात जाकीट, हातमोजे, माकडटोपीतला माणूस.

कूलरवाल्यानं वरून खालपर्यंत पाहिलं. "काका, हिवताप झाला का जी?"

"नाही, ट्रायल चालू आहे."

"असं का," म्हणून तो दोन पावलं मागे सरकला आणि पान्हा हातात घट्ट धरून अंगणातून वळसा घालून कूलरकडे गेला. कूलर त्यानं दुरुस्त केला. पैसे मात्र यांच्याकडून न घेता सासूबाईंकडून घेतले.

सासूबाई हे सगळं आरामखुर्चीत, वर्तमानपत्रानं वारा घेत पाहत होत्या. पँट घालणार नाही, हे त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. लेकीनं फोनवर समजूत घातली, यांनी रागावून पाहिलं, मी सलवारीची तडजोड सुचवली. काही उपयोग नाही. "जन्मभर नेसले ते काय बर्फ पाह्यला सोडू?" मग त्यांनी आपली पेटी उघडली आणि आपल्या हिशेबानं थर लावले. आत थर्मलची विजार, वर लोकरीचा परकर (हा त्यांनी जुन्या शालीचा स्वतः शिवला होता), वर पातळ, वर हातानं विणलेला पूर्ण बाह्यांचा स्वेटर, वर शाल. "तीन म्हणाली ना ती? माझे पाच झाले." लेकीनं व्हिडिओ कॉलवर पाहिलं, जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आजी, वरून फक्त जाकीट घाल. बाकी माझ्यापेक्षा बरं आहे." डेकवरच्या वाऱ्यात पदर कसा राहणार, या प्रश्नावर त्यांनी सेफ्टी पिनांचा एक अख्खा डबा पुढे केला. अंगठ्याचे मोजे मिळाले. बुटांना त्या तयार झाल्या, मात्र लेस नको.

जहाजावर काय चालत नाही याचीही यादी होती. इस्त्री नाही, किटली नाही, मेणबत्ती नाही, उदबत्ती नाही. यांनी पाणी तापवायचा रॉड टॉवेलात गुंडाळून तळाशी ठेवला होता, तो मी काढला. समुद्रात जहाजावर रॉड लावणारा हा बहुधा पहिलाच वऱ्हाडी ठरला असता. निरांजनाचा प्रश्न सासूबाईंनी दिवाळीच्या खोक्यातल्या बॅटरीच्या पणतीवर सोडवला. आणि केबिनच्या भिंती लोखंडी असतात, त्यांना चुंबक चिकटतं, हे लेकीनं सांगताच आमच्या फ्रीजवरचे शेगावचे गजानन महाराज निघाले आणि बॅगेत गेले. देव्हारा झाला.

एक रात्र जहाजावर नटूनथटून जेवायला जायचं असतं. त्यासाठी माझी भंडाऱ्याची कोशाची साडी, यांचा भाच्याच्या लग्नातला सूट, टाय आणि ते काळे बूट. बूट कसले, दोन होड्या. हे बूट पुढे महत्त्वाचे आहेत.

कारण शेवटी सगळं आलं वजनावर. अमेरिकेच्या विमानात तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा चालतात, म्हणून आम्ही निवांत होतो. पण यांनी नागपूर-मुंबईचं तिकीट 'स्वस्त पडते' म्हणून वेगळं काढलं होतं आणि त्यावर माणशी पंधरा किलो. जास्तीच्या किलोचे पैसे मोजले, तर स्वस्त पडलेलं सगळं तिथेच संपतं. तेव्हा आदल्या रात्री हे हातातला लोंबता वजनकाटा घेऊन बसले. लोकरीला वजन असतं हे मे महिन्यात लक्षात येत नाही. सासूबाईंची बॅग पंधराच्या वर गेली, आणि ती का गेली हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. मेतकूट, भाजणी, लसणाची चटणी, सातूचं पीठ. जहाजावर घरचं शिजवलेलं चालत नाही, बंद पुडे चालतात, म्हणून त्यांनी इतवारीतून सगळं सीलबंद करून आणलं होतं. हातातल्या बॅगेत घ्यावं, तर अमेरिकेला जाणाऱ्या विमानात साडेतीनशे मिलीपेक्षा जास्त पावडरीवर हरकत घेतात. म्हणजे सातूचं पीठ मोठ्या बॅगेतच, आणि मोठी बॅग पंधराच्या वर.

"आई, जहाजावर दिवसातून पाच वेळा खायला देतात. भाजणी कायला?"

"थालीपीठ देतात का?"

यावर उत्तर नव्हतं, म्हणून यांनी इतिहास काढला. फोनवर वाचलेलं त्यांना कधी वाया जाऊ द्यायचं नसतं. जहाज स्कॅग्वे नावाच्या बंदराला लागतं. १८९७-९८ मध्ये तिकडे सोन्यासाठी झुंबड उडाली होती. क्लोंडाइकचं सोनं होतं कॅनडात, आणि मधे डोंगर. लोक बर्फात पायऱ्या खोदून तो डोंगर चढायचे, पाठीवर सामान घेऊन. एका खेपेत नेता येत नसे, म्हणून तोच चढ पुन्हा पुन्हा. "माणशी जवळजवळ एक टन सामान! उपाशी मरायला नको म्हणून वर्षभराचा शिधा. चारशे पौंड तर नुसतं पीठ, म्हणजे एकशे ऐंशी किलो! बघा, सामानाच्या हौसेपायी माणसांचे काय हाल झाले."

सासूबाईंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "हौसेनं नेत होते का?"

"हौसेनं म्हणजे... नाही. नियमच होता. सीमेवर कॅनडाचे पोलीस बसले होते. सामान तपासायचे."

"आणि कमी भरलं तर?"

हे जरा थांबले. "तर आत सोडत नसत."

खोलीत फक्त कूलरचा आवाज. नवीन पंप छान चालून राहिला होता. सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"अगं, भाजणीचा तो दुसरा पुडा आण बरं. फळीवरचा."

यांनी फोन चार्जिंगला लावला, आपली बॅग ओढली आणि त्यातून काळे बूट काढून दाराबाहेर ठेवले.