गेर्डाची प्रार्थना कुठे गेली?

आज भाच्याला झोपवताना अँडरसन या डॅनिश लेखकाची हिमराणीची गोष्ट वाचत होते. हिमराणीने पळवलेल्या काई या मित्राला शोधायला गेर्डा निघते, ती. गुळगुळीत पानांचं नवं कोरं पुस्तक. राजवाड्याच्या दाराशी बर्फाचे राक्षस गेर्डावर धावून येतात तिथवर आले, आणि पुढची ओळ काय? 'गेर्डा धीराने पुढे गेली.' बस. दोन पानं चिकटली असतील म्हणून मी नखाने सोडवून पाहिली. चिकटली नव्हती.

अहो, तिथे ती प्रार्थना म्हणते! 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणता म्हणता तिच्या तोंडातून वाफ निघते, त्या वाफेचे देवदूत होतात, ढाल-भाले घेतलेले, आणि ते त्या राक्षसांच्या चिंधड्या करतात. गोष्टीतली सगळ्यात सुंदर जागा आहे ती. तीच कापली. वर हल्ली लोक म्हणतात, परीकथांत ख्रिस्ती धर्म शोधणंच ओढूनताणून आहे, आणि मुलांच्या पुस्तकात तो नकोच.

मला ही गोष्ट नगरला शेजारच्या मावशींनी सांगितली. मावशी ख्रिस्ती. डिसेंबरात पहाटे त्यांचा बंब पेटलेला असायचा आणि मी शेकायला जाऊन बसायचे. ढलप्या आत सारत त्या सांगायच्या. देवदूत आले की थांबायच्या, मान वर करून हाऽऽ करून श्वास सोडायच्या. "बघ, निघाले." मग मीही सोडायचे.

हिमगौरीच्या सफरचंदात बायबलातली एदेन बाग शोधणं मलाही ओढूनताणून वाटतं, मान्य. पण अँडरसनच्या बाबतीत शोधायचंय काय? 1844 साली त्याने सरळ लिहून ठेवलंय. आरसा सैतानाचा. त्यात चांगलं ते क्षुल्लक दिसतं. तो फुटतो, कण काईच्या डोळ्यात आणि काळजात जातो. मग तो हिमराणीकडे बर्फाच्या तुकड्यांतून 'अनंतकाळ' हा शब्द जुळवत बसतो, इतका हुशार मुलगा, पण जुळत नाही. गेर्डा त्याच्या छातीवर रडते, काळीज विरघळतं, आणि तुकडे नाचत नाचत आपोआप जुळतात. मावशी याला 'कृपा' म्हणायच्या. त्या बंबापाशी मला हा शब्द पहिल्यांदा कळला.

अँडरसनच्या जलपरीचंही तेच केलंय. तिला जितका राजपुत्र हवा असतो, तितकाच अमर आत्माही हवा असतो. तो मिळवण्यासाठी शेवटी तिच्यापुढे 300 वर्षांच्या सत्कर्मांची वाट असते. हल्ली थेट लग्न लावून देतात!

म्हणे मुलांच्या पुस्तकात धर्म नको. मग प्रल्हादाच्या गोष्टीतून नरसिंह काढा ना. 'प्रल्हाद धीराने उभा राहिला' एवढंच छापा. ध्रुवाला नारायणाशिवाय रानात बसवा. चालेल? गोष्टीच्या आडून प्रचार करणारेही असतात, नाही असं नाही. पण माझी आई रोज हरिपाठ म्हणणारी. मी घरी येऊन देवदूतांचं सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "संकटात नाव घेतलं तिनं. मग येणारच की कोणीतरी."

मावशी जाऊन बरीच वर्षं झाली. हे लिहिताना त्या ढलप्यांचा वास येतोय.

पुस्तक मिटलं आणि भाच्याला सगळी गोष्ट तोंडी सांगितली, मावशींसारखी, प्रार्थनेसकट. तो उठून स्वयंपाकघरात गेला. मी मागोमाग गेले तर स्टुलावर चढलेला, फ्रीजरचं दार उघडं, आणि आत तोंड घालून हाऽऽ करत होता.

"मावशी, यांचे भाले कधी येतात?"