चार 'हो' म्हणजे एडीएचडी नव्हे

'सहा प्रश्न, दोन मिनिटं. चारांना हो म्हणालात तर तुम्हाला एडीएचडी आहे. खात्री हवी तर मेंदूचा स्कॅन करा. गोळीने लक्ष लागलं तर विषयच संपला. मुलांनाही हेच लागू.' एडीएचडीबद्दलचा, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांच्या विकाराबद्दलचा, हा संदेश जोरात फिरतोय.

प्रश्न बनावट नाहीत. ते जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रौढांसाठीच्या प्रश्नावलीतले आहेत. पण मूळ प्रश्नावलीत हो-नाही नाहीच. गेल्या 6 महिन्यांत असं किती वेळा झालं, याचे 'कधीच नाही'पासून 'फारच वेळा'पर्यंत 5 पर्याय असतात. पहिल्या तीन प्रश्नांत 'कधीकधी'ही धरतात. पुढच्या तिनांत 'बऱ्याचदा'च्या खालचं मोजत नाहीत. हो-नाही केलं की सगळेच सापडतात. एक प्रश्न ठरलेल्या भेटी विसरण्याचा आहे; भेट कधीच न विसरलेला माणूस मला तरी अजून भेटायचाय.

बरं, प्रश्नावली नीट भरली, तरी ती चाळणीच, निदान नव्हे. सोपा हिशेब करू, आकडे मानलेले. 1000 प्रौढांत 25 जणांना खरंच एडीएचडी आहे. चाळणीने त्यातले 20 पकडले आणि उरलेल्या 975 पैकी फक्त 5 टक्के चुकून अडकवले, तरी ते 49 होतात. म्हणजे अडकलेल्या 69 पैकी खरे 20. बाकीच्यांची झोप, थायरॉइड, चिंता किंवा नैराश्य तपासायला हवं.

स्कॅनचं थोडक्यात: एडीएचडी ठरवणारा स्कॅन किंवा रक्ततपासणी नाही. अमेरिकेत 2013 साली मेंदूलहरी मोजणाऱ्या एका यंत्राला परवानगी मिळाली, तीही डॉक्टरांच्या तपासणीला जोड म्हणून.

गोळीचा मुद्दा तर उलटाच. उत्तेजक औषधांनी एडीएचडी नसलेल्यांचंही लक्ष वाढू शकतं. त्यावरून निदान होत नाही.

आणि मुलं! ते सहा प्रश्न 18 वर्षांवरच्यांसाठी आहेत. मुलांसाठी पालक आणि शिक्षक वेगवेगळे फॉर्म भरतात, कारण त्रास एकाहून अधिक ठिकाणी दिसावा लागतो. डीएसएम-5 (मानसिक विकारांच्या निदानाचे निकष देणारं अमेरिकी पुस्तक) नुसार दुर्लक्षाच्या किंवा अतिचंचलतेच्या 9 लक्षणांपैकी किमान 6 हवीत (वय 17 किंवा जास्त असेल तर 5), काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीची हवीत, आणि रोजच्या कामात अडचणही हवी. कान, डोळे, काही सेकंद हरवल्यासारखं करणारी फिट, हेही आधी पाहतात. वर्गात धुडगूस घालणारा मुलगा लवकर नजरेत भरतो. मागच्या बाकावर गप्प, स्वतःतच हरवलेल्या मुलीबद्दल कुणाची तक्रार नसते, म्हणून तिचा फॉर्म कुणी भरतच नाही.