‘डोकं थंड, मॅच आपली’: फॉरवर्ड होणाऱ्या सात मंत्रांचा समाचार

बीजीएमआय या चौघांच्या टीमने मोबाइलवर खेळायच्या शूटिंग गेमच्या टूर्नामेंटचं पोस्टर पडलं आणि स्लॉट भरायला लागले, की सोलापुरातल्या स्क्वॉडच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. कधी रील म्हणून, कधी हिरव्या टिकांची यादी म्हणून. शब्द इकडेतिकडे होतात, मंत्र तेच राहतात. टेन्शन येऊच देऊ नका. मॅचआधी दहा खोल श्वास घ्या. हरण्याचा विचार मनात आणू नका, फक्त फोकस. एनर्जी ड्रिंक प्या. आदल्या रात्री जमेल तितका सराव करा. राग आत ठेवू नका, काढून मोकळे व्हा. मॅचमध्ये कमी बोला. आणि खाली ठसठशीत अक्षरांत: ‘डोकं थंड, मॅच आपली’.

यातले एक-दोन मंत्र अर्धे खरे आहेत, म्हणून तर मेसेज टिकून आहे. पण साऱ्यांच्या बुडाशी एकच समजूत आहे: शांतपणा मनात असतो आणि मनाला दटावलं की तो येतो. आमचा आक्षेप नेमका तिथं आहे. स्टेजवर थंड दिसणारी टीम बहुतेक वेळा सगळं आधी ठरवून आलेली असते. मनाशी झगडायला तिच्याकडे फारसं काही उरलेलंच नसतं. आता एकेक मंत्र घेऊ.

‘टेन्शन येऊच देऊ नका’

छातीत धडधड, तोंडाला कोरड, तळहाताला घाम ही शरीराने केलेली तयारी आहे. ती थांबवता येत नाही आणि पूर्ण थांबवायचीही नसते. यर्क्स आणि डॉडसन यांच्या १९०८ च्या उंदरांवरील प्रयोगांवरून पुढे जो नियम रूढ झाला, तो असा: उत्तेजना अगदी कमी असली तरी काम बिघडतं, अती झाली तरी बिघडतं, आणि काम जितकं गुंतागुंतीचं तितकी कमी उत्तेजना पुरते. बीजीएमआयच्या भाषेत सांगायचं तर हॉट ड्रॉपवरच्या, म्हणजे अनेक टीम एकाच जागी उतरतात तिथल्या, हातघाईत थोडी जास्त धडधड खपून जाते. शेवटच्या झोनमध्ये, म्हणजे आकसत गेलेल्या खेळाच्या वर्तुळात, स्मोक (धुराचा बॉम्ब) कुठं टाकायचा आणि कुणी आधी निघायचं हे ठरवताना तीच नडते.

अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांचा २०१४ चा अभ्यास इथं फार उपयोगी आहे. गाणं, भाषण आणि गणित या तिन्हींत ‘मी शांत आहे’ असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मी एक्साइट झालोय’ म्हणणाऱ्यांनी चांगली कामगिरी केली. कारण सरळ आहे. धडधडणाऱ्या छातीला ‘शांत’ म्हणणं खोटं वाटतं, ‘उत्साह’ म्हणणं पटतं. म्हणून लॉबीत, मॅच सुरू व्हायची वाट बघताना, नव्या पोराला ‘टेन्शन घेऊ नको बे’ म्हणू नका. त्यानं टेन्शन घेतलंय, हे त्यामुळे चौघांनाही कळतं, एवढंच होतं.

‘दहा खोल श्वास’

हा मंत्र सर्वांत जास्त पाळला जातो आणि सर्वांत जास्त चुकतो. रूम आयडी, म्हणजे मॅचमध्ये शिरायचा नंबर, आला की पोरं छाती फुगवून भराभर दहा श्वास ओढतात. घाईच्या मोठ्या श्वासांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली जातो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. चार बोटांच्या क्लॉवर, म्हणजे दोन अंगठे आणि दोन तर्जन्या वापरून, खेळणाऱ्याला मॅच सुरू होताना मुंग्या आल्या तर काय होणार? वर त्याला वाटतं, आपण जास्तच घाबरलो.

परिणाम होतो तो श्वास सोडण्याच्या लांबीने. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना व्हेगस मज्जातंतूमुळे कमी होतात. त्यामुळे सोडणं लांबवायचं:

नाकाने ४ सेकंद आत, पोट हलेल इतपतच, छाती पूर्ण भरायची नाही. मग ओठ किंचित मिटून ६ सेकंद बाहेर. मध्ये रोखून धरायचं नाही. मिनिटाला ६ श्वास होतात. २ मिनिटं, म्हणजे १२ श्वास, पुरे. चक्कर किंवा मुंग्या जाणवल्या तर तुम्ही जास्त हवा ओढताय, श्वास लहान करा.

वेळही महत्त्वाची. हे रूम आयडीची वाट बघताना करायचं. विमान उडाल्यावर नाही, तेव्हा आयजीएलचे, म्हणजे मॅचमध्ये निर्णय घेणाऱ्या कप्तानाचे, कान आणि डोळे दोन्ही कामात असतात. मॅचमध्ये फक्त एक जागा ठरवून ठेवा: कव्हरमागे फर्स्ट एड किट लावताना एक लांब श्वास सोडायचा. किट लावणं हीच आठवण, वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. कॅफेत कॉम्प्युटरवर व्हॅलोरंट हा शूटिंग गेम खेळणाऱ्यांची सोय आणखी चांगली. बहुतेक राउंडआधी शस्त्रखरेदीला ३० सेकंद मिळतात, त्यात हे तीन श्वास बसतात. आणि स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा करून बघू नका. स्टॅनफर्डमध्ये झालेल्या २०२३ च्या अभ्यासात लांब उच्छ्वासाच्या पद्धतीचा फायदा दिसला, तो रोज ५ मिनिटं, महिनाभर करणाऱ्यांत.

‘हरण्याचा विचार मनात आणू नका, फक्त फोकस’

डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना सांगितलं की पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. अस्वल येतच राहिलं. ‘आता चुकायचं नाही’ हे वाक्यही तसंच काम करतं.

‘फोकस’ची गंमत वेगळी. सरावलेला खेळाडू स्वतःच्या बोटांकडे लक्ष द्यायला लागला की त्याची सवयीची हालचाल तुटते. सायन बायलॉक यांच्या संशोधनात हे वेगवेगळ्या खेळांत दिसलं आहे. स्प्रे मारताना, म्हणजे सलग गोळ्या झाडताना, ‘अंगठा किती खाली ओढतोय’ हा विचार नको. नजर आणि लक्ष दोन्ही समोरच्याच्या छातीवर हवं.

मनातला विचार घालवायचा नाही, त्याला काम जोडून द्यायचं. पीटर गॉलविट्झर यांनी अभ्यासलेली ही ‘जर-तर’ पद्धत आहे. आदल्या दिवशी कागदावर तीनच वाक्यं लिहायची. जर सुरुवातीलाच एक गडी पडला, तर तिघं फाइट सोडून ठरलेल्या कंपाउंडला जाणार. जर झोन उलट्या बाजूला गेला, तर गाडी कोण आणणार ते नाव आधीच ठरलेलं. जर मी नॉक झालो, म्हणजे जखमी होऊन पडलो, तर आधी शत्रूची जागा सांगणार, मग रिव्हाइव्ह, म्हणजे उठवायला मदत, मागणार. तीनपेक्षा जास्त लिहिलीत तर ऐन वेळी एकही आठवणार नाही.

‘एनर्जी ड्रिंक प्या’

आपल्याकडच्या एफएसएसएआय या अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमानुसार अशा पेयांत लिटरमागे जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम कॅफिन चालतं. म्हणजे २५० मिलीच्या कॅनमध्ये ७५ मिलिग्रॅमपर्यंत. लहान मुलांसाठी नाही, ही सूचना कॅनवरच असते. सोळा वर्षांचं पोर चौकातल्या टपरीवरून दोन कॅन घेऊन येतं तेव्हा ती कुणी वाचत नाही. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने मुलांसाठी दिवसाला वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. ५० किलोच्या मुलाची ती मर्यादा दोन कॅनमध्येच संपते, चहा वेगळाच. रोज न पिणाऱ्याचे हात कापतात, फोन कलवून नेम धरायच्या जायरोवर ते लगेच दिसतं. कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला साधारण ५ तास लागतात. रात्री ९ ला घेतलेला कॅन २ वाजताही निम्मा शिल्लक असतो. सवयीचा कट चहा असेल तर तो नेहमीच्या वेळी प्या. स्पर्धेच्या दिवशी नवीन काहीच नको, तांबड्या रश्श्याचं जेवणही नको. जेवण अडीच तास आधी, रोजच्यापेक्षा थोडं कमी.

‘आदल्या रात्री जमेल तितका सराव’

दिवसभर शिकलेली हालचाल झोपेत पक्की होते. रात्री २ पर्यंत स्क्रिम, म्हणजे इतर टीमशी सरावाच्या मॅच, खेळणं म्हणजे तेच मोडणं. शिवाय ऑनलाइन लॉब्या रात्री चालतात आणि हॉलमधली स्पर्धा सकाळी ११ ला सुरू होते. चार दिवस आधीपासून उठणं आणि एक तरी स्क्रिम त्या वेळेला आणा.

सराव किती, यापेक्षा कुठं बसून, हे मेसेजवाल्यांना सुचलेलंच नाही. घरी आपण कॉटवर उशीला टेकून, गुडघे वर घेऊन खेळतो. मंगल कार्यालयात किंवा कॉलेजच्या हॉलमध्ये मिळते प्लास्टिकची खुर्ची, हात नसलेली. कोपर अधांतरी, मान खाली, फोनचा कोन बदललेला. जायरो खेळणाऱ्याचा नेम पहिल्याच मॅचला वाकडा जातो आणि त्याला वाटतं नर्व्हसनेस आहे. शेवटचा आठवडा खुर्चीवर, पाय जमिनीला, मनगटं टेबलाच्या कडेला टेकवून खेळा.

आणि ऊन? त्याचा मंत्रच नाही

ही यादी लिहिणारा सोलापूरचा नसावा. एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४० अंशांच्या वर सहज जातो. आयफोनसाठी कंपनीने सांगितलेलं वापराचं तापमान ० ते ३५ अंश आहे, म्हणजे हॉलच्या हवेतच मर्यादा ओलांडलेली. गरम झालेला फोन स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग कमी करतो, ब्राइटनेस उतरवतो, सेकंदाला ९० वर चालणाऱ्या फ्रेम धक्के खात खाली येतात. खेळाडू म्हणतो, ‘माझा हात बसत नाहीये.’ हात बसतोय, फोन मागे पडलाय. चिडून तो सेन्सिटिव्हिटी, म्हणजे बोटासरशी नेम किती हलेल ते सेटिंग, बदलतो, आणि मग खरंच हात बसत नाही.

कव्हर काढून खेळा. चार्जिंग लावून खेळू नका. दोन मॅचमध्ये चार्ज करा, आणि बॅटरीला वळसा देऊन थेट वीज घेणारी सोय फोनमध्ये असेल तर ती चालू करा. ब्राइटनेस ऑटोवर नको. मागे लावायचा छोटा पंखा चालत असेल तर आयोजकांना आधी विचारा. तापलेला फोन फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या बाटलीवर ठेवू नका, आत ओल धरते.

आता घाम. तळहाताला घाम उन्हापेक्षा भावनेने जास्त येतो, आणि इथं दोन्ही एकत्र येतात. ओल्या बोटाने टच चुकीचा वाचला जातो, कधी न दाबलेलं बटण दाबलं जातं. कूलरने हे वाढतं. दारं-खिडक्या बंद ठेवून कूलर चालवला की हवेत ओल साठते आणि घाम वाळतच नाही. समोरची खिडकी उघडी असेल तिथं बसा. बोटांच्या स्लीव्हचे दोन जोड ठेवा, ओला झाला की बदला. पावडर लावायचीच तर बोटांवर, फोनपासून लांब, आणि झटकून. नाहीतर ती स्पीकरच्या जाळीत आणि चार्जिंगच्या खाचेत बसते. मॅचआधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. भजी खाल्लेल्या बोटांवर कुठलीच स्लीव्ह काम करत नाही.

‘राग काढून मोकळे व्हा’

ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात चिडवणाऱ्याची आठवण काढत पंचिंग बॅग बडवणाऱ्यांचा राग आणखी वाढला, काहीच न करता बसलेल्यांचा कमी राहिला. टेबलावर मूठ आपटणं हे त्याचंच घरगुती रूप.

त्यापेक्षा पॉइंट्स मोजा. सध्याच्या रूढ पद्धतीत पहिल्या आठ क्रमांकांना १०, ६, ५, ४, ३, २, १, १ आणि प्रत्येक फिनिशला, म्हणजे बाद केलेल्या शत्रूला, १ पॉइंट. सहा मॅचच्या दिवशी एक मॅच शून्यावर गेली आणि उरलेल्या पाचांत पाचवा क्रमांक व पाच फिनिश मिळाले, तर ४० पॉइंट होतात. एक शून्य परवडतं. परवडत नाही ते त्याच टीमचा सूड घ्यायला पुढच्या मॅचला तिच्याच जागी उतरणं, कारण मग शून्यं दोन होतात.

मॅच संपली की फोन पालथा ठेवायचा आणि उभं राहायचं. रक्तातलं अ‍ॅड्रेनालिन दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं, तोवर कुणी कुणाला काही विचारायचं नाही. पाणी चार-पाच घोट, हात धुणं, दाराबाहेर लांबवर नजर. मग आयजीएल एकच वाक्य बोलतो, तेही पुढच्या मॅचबद्दल. ‘तू रिव्हाइव्ह का नाही दिलास’ हा प्रश्न घरी जाताना.

‘कमी बोला’

गप्प टीमला लोक शांत समजतात, पण तिथं चौघं चार वेगवेगळ्या मॅच खेळत असतात. बोलणं कमी करायचं नाही, साच्यात बसवायचं. क्रम असा: दिशा (स्क्रीनवरच्या होकायंत्राचे अंश), आडोसा, किती, अवस्था. ‘टू-वन-झिरो, भिंतीमागे, दोघं, एक नॉक.’ संपलं.

सोलापुरी स्क्वॉडची खास अडचण म्हणजे भाषा. पूर्व भागातला पोरगा घरी तेलुगू बोलतो, अक्कलकोटकडचा कन्नड, तिसरा दखनी, चौथा मराठी. सरावात सगळे एका भाषेत येतात, गोळी लागली की प्रत्येक जण आपल्या घरी पळतो. बाकीची बडबड कशीही असू दे, पण दिशेचे आकडे एकाच पद्धतीने हवेत, आणि तेही सुटे. ‘दोनशे पंचावन्न’ आणि ‘दोनशे पंच्याऐंशी’ हेडफोनमध्ये गोंगाटात सारखेच ऐकू येतात. ‘टू-फाइव्ह-फाइव्ह’ आणि ‘टू-एट-फाइव्ह’ तसे येत नाहीत. नॉक झालेल्याचा कॉल पूर्ण होईपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं, मग तो कुठल्याही भाषेत ओरडला तरी.

लाइट गेली तर काय, हेही चौघांत आधी ठरलेलं हवं. बीजीएमआयची मॅच मध्येच थांबवता येत नाही. हॉलचं वायफाय बंद पडलं की जनरेटर सुरू होईपर्यंत तुमचं कॅरेक्टर उघड्यावर उभं. म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम चालू स्थितीत, डेटा भरलेलं, आणि वायफायवरून त्यावर जायला किती सेकंद लागतात हे घरी दोनदा करून बघितलेलं हवं. आयोजकाला हाक कोण मारणार ते एकच नाव, बाकीचे तिघं खेळत राहणार. री-मॅचचं कलम नियमपत्रकात आहे की नाही, हे आयजीएलने आदल्या दिवशी वाचून ठेवायचं.