रेघ इली!

ताप, अंगदुखी, डोळ्यांच्या मागे ठणका, त्यात जुलै महिना आणि मालवण, म्हणजे डॉक्टरांनी वर न बघताच डेंग्यूची कार्ड टेस्ट लिहून दिली. सहाशे रुपये. लॅबवाल्या पोराने रक्त काढलं, मशीनमध्ये फिरवलं, कार्डावर थेंब सोडले आणि "पंधरा-वीस मिनिटं बसा" म्हणून कार्ड तसंच काउंटरवर टाकून कोणाच्या तरी घरी सॅम्पल आणायला निघून गेला. काउंटर बाकाच्या बरोब्बर समोर. माझा आजार असा चारचौघांत मांडलेला.

"चढता हा," बाकावरचे काका म्हणाले.

पट्टीवर ओल पुढे सरकत होती. ह्यात ना पंप ना बटण, बारीक छिद्रांतून पाणी आपसूक ओढलं जातं, केशाकर्षण. आमच्या चिऱ्याच्या भिंतीला पावसात कमरेपर्यंत ओल चढते ना, तेच. फक्त भिंतीला रिपोर्ट येत नाही, गवंड्याचं बिल येतं.

"टी पार केल्यान, आता सी!" काकांची कॉमेंट्री चालूच. सी ची रेघ आली तर कार्ड चालतंय, टी ची पण आली तर तुम्ही गेलात, हे कोविडनंतर शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण काका म्हणे तेव्हा खारेपाटण नाक्यावर असायचे, चाकरमान्यांची कार्डं लांबून बघून सांगायचे, ह्येका घरात घेव नकात.

त्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून मी म्हटलं, काका, ती लाल रेघ सोन्याच्या कणांची असते, इतके बारीक कण की सोनं पिवळं न दिसता लाल दिसतं.

काका गप्प. मग, "खरा सोना?"

"खरं."

"मगे सहाशे बरोबर हत. पण टेस झाल्यार कार्ड कोणाचा? पैसे तुमी दिलात, कार्ड तुमी न्हेवक व्हया!"

"माका पण देवक नाय ओ गेल्या म्हयन्यात," बाजूच्या बाई उसळल्या. "आणि माझी तर दोन कार्डां होती!"

ह्या सोन्याच्या वाटपात वीस मिनिटं कधीच उलटली. तोवर रेघ एकच होती, मी स्वतः पाहिलीय. पोरग्याचा पत्ता नाही. पाऊण तास होत आला आणि काका ओरडले, "रेघ इली! बारीक आसा, पण इली!"

बाईंनी पदर नाकाला लावला आणि बाकाच्या टोकाला सरकल्या. अहो, डेंग्यू डासातून होतो, शेजारी बसून नाही! आणि वेळ टळून गेल्यावर कार्ड वाचायचंच नसतं, पट्टी सुकताना खोटी रेघ उमटू शकते, तसं पाकिटातल्या कागदावर छापलेलं असतं. पण कागद कोण वाचतो, काका वाचत होते ना कार्ड!

पोरगा आला, बघून म्हणाला, "हे आता धरता येत नाय, परत करूया."

"आणि पैसे?"

"नवीन किट लागतं ना दादा."

दुसरं निगेटिव्ह. तेव्हा कळलं की काकांची कसलीच टेस्ट नव्हती, लाईट गेली की ते इन्व्हर्टरच्या फॅनखाली येऊन बसतात. निगेटिव्ह यायच्या आधीच ते उठून बाजारात गेले होते, त्यामुळे मी घरी पोचेपर्यंत शेजारच्या वयनींनी पपईच्या पानांचा भारा ओटीवर आणून टाकलेला, आणि बायकोने रस काढलेला. प्यायलो. कडू जहर.

दुसऱ्या सहाशेची पावती पाकिटात आहे. पोरगा म्हणतो मालकांशी बोला, मालक फोन उचलत नाहीत.