जिलबी संपायच्या आत हॉकीचा कोच नेमा

गेल्या आठवड्यात एका लग्नात माझ्या पानात जिलबी पडली आणि त्याच क्षणी भारतीय हॉकी संघाच्या कोचची नोकरी गेली. नवरीच्या मामांनी घालवली. त्यांच्या एका हाताला मी, दुसऱ्या हाताला जावईबापू, समोर बँकेतून निवृत्त झालेले एक काका. मठ्ठा येईपर्यंत नव्या कोचसाठी तीन नावं पुढे आली होती आणि दोन बाद झाली होती. मग मामा माझ्याकडे वळले. "तू खेळायचास ना रे कॉलेजात? मग बोल की!"

मी बोललो. तिथंच चुकलं. पुढची चाळीस मिनिटं माझं काय झालं ते सांगत नाही. पण तुमच्यावर अशी वेळ आली तर तुम्ही माझ्यासारखे माहिती घेऊन उघडे पडू नये, म्हणून हे चार अनुभवाचे बोल.

सर्वांत आधी, कोचची खुर्ची रिकामी आहे का, याची चौकशी करत बसू नका. खुर्ची रिकामी असताना कोणीही कोच नेमेल. त्यावर माणूस बसलेला असताना त्याच्या मांडीवर दुसरा बसवण्यात खरं कसब आहे. याच मामांनी २०२५ च्या जूनमध्ये, साखरपुड्याच्या दिवशी, कोच क्रेग फुल्टनला हाकललं होतं. प्रो लीग या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या युरोप दौऱ्यात भारत ओळीनं सात सामने हरला होता, त्यामुळे मुहूर्तही चांगला होता. त्यातले बरेचसे सामने एका गोलनं गेले, हे मी म्हणालो तेव्हा मामांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मग सप्टेंबरात राजगीरला आपण आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात कोरियाला ४-१ हरवलं आणि २०२६ च्या विश्वचषकाचं तिकीट मिळालं. मामांचा मला फोन. "फुल्टन म्हणजे काय माणूस आहे! मी सांगत होतोच." आता लग्नात पुन्हा हाकलला. मधल्या काळात त्यानं काय बिघडवलं, विचारू नका. मीही विचारलं नाही, तेवढं शहाणपण आता आलंय.

सामना बघू नका. बघितला की मत डळमळतं.

"ध्यानचंदांच्या काळी" हे शब्द दर पाच मिनिटांनी एकदा. पानात मीठ असतं ना, तसं; चवीला नाही, पण रिकामी जागा वाईट दिसते.

नाव सुचवताना ते मोठ्या खेळाडूचं असावं आणि त्या खेळाडूला विचारलेलं नसावं. आपल्याकडे यासाठी एक हक्काचं नाव आहे. धनराज. खडकीचा आपला धनराज पिल्ले. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी, चार एशियाड. हे आकडे ज्यांना येत नाहीत तेही म्हणतात, "धनराजला करा ना राव!" धनराज चेंडू घेऊन उजवीकडून सुटला की बघणाऱ्यांचा श्वास थांबायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि ते विसरणं शक्य नाही. पण ते पाय दुसऱ्याच्या पायात घालता येतात का, हा प्रश्न पंगतीत विचारायचा नसतो. "आपला माणूस" म्हटलं की चर्चा संपते. मुंबईचा कोच जोआकिम कार्व्हालोसुद्धा आपलाच माणूस होता. २००७ मध्ये चेन्नईत त्याच्या संघानं आशिया चषक जिंकला तेव्हा तो आपला होता. मार्च २००८ मध्ये चिलीतल्या सँटियागोत ग्रेट ब्रिटनकडून हरलो, बीजिंग ऑलिंपिक हुकलं, १९२८ नंतर पहिल्यांदा भारताशिवाय ऑलिंपिक हॉकी झाली, आणि रातोरात तो कोणाचाच राहिला नाही.

सामना चालू असेल तर मधूनच "ऑफसाइड!" असं ओरडा. हॉकीतला ऑफसाइडचा नियम १९९८ मध्येच कायमचा गेला, पण काकांना कोणी सांगितलेलं नाही आणि आता सांगून त्यांचं वय खराब करायचं नाही.

सामना अजून ७० मिनिटांचाच समजा. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार तुकडे वगैरे झाले असतील तिकडे.

आता मुख्य शास्त्र. देशी की परदेशी? या एका प्रश्नावर तुम्ही साखरपुड्यापासून सोळाव्यापर्यंत कुठलाही समारंभ रेटून नेऊ शकता. परदेशी असेल तर म्हणायचं, "त्याला आपल्या पोरांची भाषा कळत नाही, आपली ड्रिब्लिंगची हॉकी मारून टाकली यानं." देशी असेल तर म्हणायचं, "जुनाट आहे, आजची हॉकी कळत नाही, राजकारण करतो." दोन्ही वाक्यं पाठ ठेवा, आलटूनपालटून वापरा. आपल्या हॉकीचा सगळा कारभार वर्षानुवर्षं याच दोन वाक्यांवर चाललाय, मग पंगत का नाही चालणार?

१९९८ ची गोष्ट घ्या. बँकॉकला एशियाडचं सुवर्ण, तेही ३२ वर्षांनी. कोच महाराज कृष्ण कौशिक, देशी. कर्णधार धनराज. बक्षीस काय मिळालं? कौशिक घरी, आणि धनराजसह काही जण संघाबाहेर. २००२ मध्ये क्वालालंपूरला विश्वचषक चालू होता, म्हणजे सामने अजून शिल्लक होते, आणि सेड्रिक डिसूझाला स्पर्धेच्या मध्यावर काढलं. पंगत बसलेली असताना आचाऱ्याला काढावं तसं! २००४ ला अथेन्स तोंडावर आलेलं, राजिंदर सिंगला हटवून जर्मनीहून गेरहार्ड राख आणला. त्यानं पोरांची नावं पाठ करेपर्यंत ऑलिंपिक संपलं, आपण सातवे.

मग परदेशी बरे म्हणून स्पेनचा होझे ब्रासा आणला, गेला. ऑस्ट्रेलियाचा मायकल नॉब्स आणला, २०१२ ला लंडनमध्ये बारा संघांत बारावे आलो, पुढच्या वर्षी तोही गेला. मग टेरी वॉल्श. यानं २०१४ मध्ये इंचॉनला पाकिस्तानला हरवून एशियाडचं सुवर्ण आणलं, पुन्हा १६ वर्षांनी, आणि थेट रिओचं तिकीट. दीड महिन्यात कराराच्या अटी आणि कागदी घोड्यांना कंटाळून राजीनामा. त्याच्यामागून पॉल व्हॅन आस, हॉलंडचा, जेमतेम सहा महिने. मग रोलांट ऑल्टमन्स, दोन वर्षं. त्याला सप्टेंबर २०१७ मध्ये काढलं आणि जागेवर कोण आणला? महिला संघाचा कोच, श्योर्ड मारिने! आणि महिलांकडे पाठवला हरेंद्र सिंग, ज्यानं आदल्याच वर्षी लखनौला ज्युनियर मुलांना जगज्जेतं केलं होतं. म्हणजे मुलांचं ज्याला जमलं तो मुलींकडे, आणि मुलींशी ज्याचं सूत जुळत होतं तो मुलांकडे. आठ महिन्यांनी, राष्ट्रकुलात चौथे आल्यावर, पुन्हा अदलाबदल. चपला चुकून बदलल्या होत्या, देवळाबाहेर परत बदलून घेतल्या! हरेंद्रला भुवनेश्वरच्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सकडून १-२ हरला म्हणून जानेवारी २०१९ मध्ये नारळ.

आणि तो नाकारलेला मारिने? त्याच्याच महिला संघानं टोकियोत ऑस्ट्रेलियाला १-० नं घरी पाठवलं आणि पहिल्यांदा ऑलिंपिकची उपांत्य फेरी गाठली. चार वर्षं तोच राहिला असता, मधे ही संगीतखुर्ची झाली नसती, तर काय झालं असतं, या विचारानं माझं अजून डोकं फिरतं. पुरुष संघाचा कोच ग्रॅहम रीड, त्यानं टोकियोत जर्मनीला ५-४ हरवून ४१ वर्षांनी पदक दिलं. तेव्हा आपण सगळे टीव्हीसमोर रडत होतो, मामासुद्धा. दीड वर्षात घरच्या विश्वचषकात न्यूझीलंडकडून शूटआउटमध्ये हरलो आणि रीड गेला. कोणी थांबवलं का त्याला? देशी, परदेशी, जिंकलेला, हरलेला, कोणीही असो, रस्ता विमानतळाकडेच!

माफ करा, हा सल्ला जरा लांबला. मी उपरोधानं लिहायला बसलो होतो.

पुढचा सल्ला. पेनल्टी कॉर्नर वाया गेला की "एवढं समोरून गोल होत नाही?" असं म्हणा. समोरून चार जण आणि गोलकीपर अंगावर धावून येत असतात, हे पानात दिसत नाही.

कोचच्या मदतनिसांपैकी फक्त पोरांची मानसिक तयारी करून घेणाऱ्या पॅडी अप्टनचं नाव घ्या, कारण तो क्रिकेटमुळे माहीत आहे. काकांनी तर त्यालाच मुख्य कोच करून टाकलं. जावईबापूंनी द्रविड मोकळा आहे का, असं विचारलं. मी मठ्ठा मागितला.

महिला संघाचा विषय निघालाच तर "हो, पोरी पण छान खेळतात" म्हणून पुढे सरका. मी तिथं मुद्दाम विचारलं, फलटणकडच्या दोन मुली भारताकडून खेळल्यात, नावं सांगा. वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे. पाच माणसांत एकाला येईना. फलटण म्हटल्यावर काका साखर कारखान्यावर गेले.

आणि शेवटचा सल्ला, तो मामांनीच मला दिला. हात धुताना म्हणाले, "एवढं चिडतोस कशाला, आपण नुसतं बोलतोय. हॉकीवर प्रेम आहे म्हणून बोलतो."

प्रेम.

मामा, टोकियोत कांस्य आलं, पॅरिसमध्ये कांस्य आलं. १९६८ आणि १९७२ नंतर पहिल्यांदा ओळीनं दोन ऑलिंपिकमध्ये पदक. या दोन्ही पुरुष संघांत महाराष्ट्राचा एक तरी पोरगा होता का? नव्हता. रिओला मुंबईचा देवेंद्र वाल्मीकी होता, अथेन्सला व्हिरेन रस्किन्हा होता, ॲड्रियन डिसूझा होता, धनराज होता. त्यानंतरचा हिशेब तुम्हीच करा. कोच नेमायला अख्खं मंगल कार्यालय पुढे आणि खेळायला कोणी नाही. ओडिशानं २०१८ पासून राष्ट्रीय संघांचा खर्च उचललाय. आपण काय उचललं? जिलबी.

मी रविवारी सकाळी मैदानावर जातो. बावीस पोरं येतात, त्यात धड स्टिका चौदा. बाकीची आळीपाळीनं खेळतात. एकानं चेंडू मारला की स्टिक दुसऱ्याच्या हातात. टर्फला पाणी मारल्याशिवाय चेंडू नीट सरकत नाही, आणि उन्हाळ्यात पाणी मागायला गेलं की "आधी प्यायला तरी पुरू दे" असं ऐकून परत यायचं. त्यांचंही चूक नाही, पण मग खेळायचं कसं? गोलकीपरच्या पॅडचा पट्टा तुटलाय, तो मी सुतळीनं बांधतो. तिथं बसून कोणी मला विचारत नाही पुढचा कोच कोण. पोरं विचारतात, "सर, आज मी स्टिक आधी घेऊ?"

आणि तुम्ही मामा, तुम्ही सांगूच नका काही. तुमचा नातू दोन महिने येत होता. डावीकडून वळताना चेंडू असा चिकटवून न्यायचा की मी बाकीच्यांना थांबवून दाखवत होतो, बघा म्हणून. एका रविवारी आला नाही, दुसऱ्या रविवारी आला नाही. मी फोन केला तर तुम्हीच उचलला होता. "दहावीचं वर्ष आहे, आणि हॉकीत पुढे स्कोप काय?" ते विसरलात? मी नाही विसरलो. आता दहावी झाली त्याची. लग्नात फेटा बांधून फिरत होता. माझ्यापाशी आला, पाया पडला आणि बोलला काहीच नाही, नुसता उभा राहिला.

सकाळी साडेसहाला पाठवा त्याला. स्टिक मी देतो. नाहीतर पुढच्या लग्नात माझ्या शेजारी बसू नका.